शब्द एकमेकांकडून शिकताना: भाषेच्या तासाला गटकार्य कसं घ्यावं

भाषेचा पाठ वाचून झाला की फळ्यावर 'शब्दार्थ' असा मथळा पडतो. खाली आठ-दहा शब्द, समोर त्यांचे अर्थ. मुलं वहीत उतरवून घेतात, चाचणीत बरोबर लिहितात आणि पंधरा दिवसांनी तोच शब्द भूगोलाच्या पुस्तकात आला की थबकतात. 'टंचाई म्हणजे कमतरता' हे तोंडपाठ असलेली मुलगी स्वतःच्या वस्तीवरच्या पाण्याबद्दल बोलताना 'टंचाई' म्हणत नाही, कारण तो शब्द तिला कधी लागलाच नाही. शब्दावाचून अडेल अशी वेळ वर्गात आणायची आणि ती मुलांनी एकमेकांच्या मदतीने निभावायची, एवढ्याचसाठी पुढच्या सगळ्या कृती आहेत.

उदाहरणं मराठी माध्यमाच्या पाचवी ते सातवीच्या वर्गासाठी घेतली आहेत. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या इतर माध्यमांच्या शाळांतही मराठी सक्तीची झाली. तिथे शिकवत असाल तर शब्द निम्मे घ्या, चित्रं वाढवा. पद्धत तीच राहते.

पायरी १: शब्द निवडा, आणि बरेचसे सोडून द्या

कुठल्याही पाठात मुलांना अडतील असे वीसेक शब्द सहज निघतात. ते सगळे गटात शिकवायला घेतले तर एकही पक्का होत नाही. एका पाठाला सहा ते आठ शब्द पुरे, तिसरीच्या खाली तर चारच.

निवड करताना शब्दांचे तीन ढीग करा. पहिल्यात मुलांना रोजच्या बोलण्यातून येणारे शब्द, ते बाजूला. दुसऱ्यात फक्त त्या पाठापुरते लागणारे, म्हणजे 'मोट' किंवा 'नाडा' यांसारखे. चित्र दाखवून एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. तिसरा ढीग कष्टाचा: प्रमाण, परिणाम, अपुरा, सामूहिक, टिकाऊ, नेमका, उलगडणे. हे शब्द इतिहासात येतात, विज्ञानात येतात, वर्तमानपत्रात येतात, पण घरच्या बोलण्यात क्वचितच. अमेरिकेतल्या वाचन-अभ्यासक इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिओन यांनी अशीच तीन स्तरांची विभागणी मांडली आणि त्यांच्या मधल्या स्तरावर, म्हणजे आपल्या तिसऱ्या ढिगावर, जोर द्यायला सांगितलं. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं.

विधानं एकमेकांशी जोडणाऱ्या शब्दांकडे मात्र कुणाचंच लक्ष जात नाही. तरीही, परिणामी, त्याऐवजी, बहुधा हे शब्द शब्दार्थांच्या यादीत सहसा नसतात, आणि अख्ख्या परिच्छेदाचा अर्थ त्यांच्यावर तोललेला असतो. दर पाठाला यातला एक तरी घ्या.

समजा, पाणी या विषयावरचा हा उतारा तुम्ही वर्गासाठी लिहिला आहे:

'यंदा पावसाने ओढ दिली. जानेवारीतच विहिरींनी तळ गाठला आणि टंचाई जाणवू लागली. बोअरवेलच्या बेसुमार उपशामुळे जमिनीतलं पाणी खोल गेलं होतं. जुन्या पाझर तलावात गाळ साचला होता. टँकरची वाट पाहण्याऐवजी सामूहिक श्रमदानाने गाळ काढायचं गावकऱ्यांनी ठरवलं.'

यातून आठ शब्द घेऊ: ओढ देणे, तळ गाठणे, टंचाई, बेसुमार, उपसा, पाझर, ऐवजी, सामूहिक. प्रत्येकाचं एक कार्ड करा. जुन्या वह्यांचे पुठ्ठे किंवा लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू चालतात. पुढे मूळ शब्द आणि मागे त्याची वाक्यात दिसणारी रूपं लिहा: उपसा, उपशामुळे, उपशावर. मराठीत हे फार गरजेचं आहे. 'विहीर' ओळखणारं मूल 'विहिरीतून'पाशी अडखळतं आणि आपल्याला वाटतं की त्याला शब्दच येत नाही.

पायरी २: गट बसवा

चार मुलं एकत्र बसवली म्हणजे गटकार्य होत नाही. एक हुशार मुलगी सगळं लिहून काढते, दोघं मान डोलावतात, चौथा खिडकीबाहेर बघतो. हे टाळायचा एकच खात्रीचा उपाय: प्रत्येकाच्या हातात असं काहीतरी हवं जे बाकीच्यांकडे नाही आणि ज्याच्यावाचून गटाचं काम पुरं होत नाही. कुठलीही कृती आखताना आधी हे तपासा. कृती तेवढ्यावर उतरत नसेल तर ती गटात घेऊच नका, एकेकट्याने करू द्या.

सुरुवात जोड्यांनी करा. महिनाभर जोडीत बोलायची सवय झाली की चौघांचा गट. पाचवा आला की कुणीतरी रिकामा बसतो. गट हजेरीच्या क्रमाने करू नका आणि मुलांच्या आवडीवरही सोडू नका. वाचनात पुढे असलेलं एक, अडखळणारं एक आणि मधली दोन, अशी जुळणी बरी. मांडणारा, लिहिणारा, वेळ बघणारा आणि 'कशावरून?' विचारणारा अशी कामं वाटून द्या आणि दर खेपेला फिरवा. चौथं काम मुलांना सगळ्यात जास्त आवडतं.

बाकं हलत नसतील तर पुढच्या बाकावरच्यांनी मागे तोंड करून बसायचं. आवाज होणारच. शेजारच्या वर्गावरच्या बाईंना किंवा गुरुजींना आधी सांगून ठेवा आणि मुलांबरोबर 'गटाचा आवाज' किती असावा याचा एकदा सराव करा. थांबायची खूण म्हणून तुम्ही हात वर करायचा. बघेल त्याने हात वर करून गप्प व्हायचं. ओरडून गप्प करायची वेळ येत नाही.

पायरी ३: अर्थ सांगण्याआधी अंदाज करू द्या

उतारा एकदा वाचा. मग विचारा, 'बेसुमारच्या जागी दुसरा कोणता शब्द चालेल? आणि कशावरून वाटलं?' एक मिनिट प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, दोन मिनिटं जोडीदाराशी बोलायचं, मग वर्गात सांगायचं. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये ही रीत मांडली, आणि प्रशिक्षणांत ती आता सर्रास सांगितली जाते. पण पहिलं शांत मिनिट बहुतेक जण गाळतात, आणि तेच गाळायचं नाही. त्या मिनिटाशिवाय जोडीतलं चुणचुणीत मूल लगेच बोलून मोकळं होतं आणि दुसऱ्याचा अंदाज मनातच राहतो.

'पावसाने ओढ दिली' यावर काही मुलं 'पावसाने पाणी ओढून आणलं' म्हणतील. लगेच दुरुस्त करू नका. फळ्यावर लिहा आणि पुढचं वाक्य वाचायला सांगा. विहिरींनी जानेवारीतच तळ गाठला असेल तर पाऊस आला होता की नव्हता? तर्क जुळत नाही हे जोडीतलंच कुणीतरी बोलून दाखवतं.

पायरी ४: तज्ज्ञ गट

ही या लेखातली सगळ्यात मोठी आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची कृती. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात कृष्णवर्णीय, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात बसू लागली होती आणि वर्गावर्गांत तणाव होता. सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या लक्षात आलं की शिक्षकाची शाबासकी मिळवण्याच्या चढाओढीने हा तणाव वाढतो. त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना. याला जिगसॉ म्हणतात. आपल्या वर्गातही गावठाणातली, वस्तीवरची, तांड्यावरची मुलं शेजारी बसतात आणि एकमेकांशी पुरेसं बोलत नाहीत. म्हणून ही पद्धत मला शब्दांपलीकडेही महत्त्वाची वाटते.

शब्दांसाठी ती अशी वापरा. चौघांचा मूळ गट करा आणि प्रत्येकाला आठांपैकी दोन शब्दांची कार्डं द्या. मग सारखे शब्द मिळालेल्यांनी उठून एकत्र बसायचं, तो तज्ज्ञ गट. बत्तीसचा पट असेल तर एका शब्दजोडीला आठ तज्ज्ञ होतात, त्यांचे चार-चारचे दोन गट करा. तज्ज्ञ गटाने प्रत्येक शब्दाबद्दल चार गोष्टी ठरवायच्या: आपल्या भाषेत अर्थ, त्या शब्दाबरोबर येणारे शब्द, आपल्या गावातलं एक वाक्य आणि शब्द दाखवणारी एक कृती किंवा चित्र.

यातली दुसरी गोष्ट नीट करून घ्या. बेसुमार उपसा, बेसुमार वृक्षतोड, बेसुमार गर्दी असं आपण म्हणतो. आनंद मात्र बेसुमार होत नाही, तो अपार होतो. सामूहिक श्रमदान, सामूहिक निर्णय, सामूहिक गायन. पण 'सामूहिक डबा खाल्ला' कानाला खटकतं. नुसता अर्थ पाठ असलेलं मूल नेमकं इथेच चुकतं, आणि कोशातला अर्थ सांगून हे समजत नाही. चार मुलांनी वाक्यं बोलून बघितली की समजतं.

तज्ज्ञ गटांना दहा-बारा मिनिटं द्या. तेवढ्या वेळात तुम्ही जागेवर बसायचं नाही. प्रत्येक गटाचं कार्ड वाचा आणि चूक असेल तर प्रश्न विचारून तिथेच सोडवा, कारण चुकीचा अर्थ घेऊन गेलेला तज्ज्ञ तो सगळ्या गटाला शिकवून येतो.

मग मुलं मूळ गटात परततात आणि प्रत्येक जण आपले दोन शब्द बाकीच्या तिघांना शिकवतो. अर्थ उतरवून घेऊ देऊ नका. ऐकायचं, विचारायचं, कृती करून बघायची. शेवटी गटाला एक काम द्या: गाळ काढण्याच्या कामासाठी गावकऱ्यांना बोलावणारी सूचना लिहा. आठांपैकी सहा शब्द आले पाहिजेत, आणि जो शब्द आपण शिकवला तो आपण वापरायचा नाही, दुसऱ्याने शिकवलेला वापरायचा. या अटीमुळे शिकवणाऱ्याला नीट शिकवावं लागतं आणि ऐकणाऱ्याला नीट ऐकावं लागतं.

पहिल्या खेपेला या सगळ्याला दोन तासिका लागतील. तशीच तरतूद करा, पळवापळवी करू नका. दोन-चार मुलं गैरहजर असली तर एका शब्दजोडीला दोन तज्ज्ञ करा. वाचनात मागे असलेल्या मुलाला 'सोपा' शब्द देऊन बाजूला बसवू नका. त्याला 'पाझर' द्या, 'उपसा' द्या. शेतात वावरणारं मूल या शब्दांबद्दल शिक्षकापेक्षा जास्त सांगू शकतं आणि वर्गासमोर ते पहिल्यांदाच जाणकार म्हणून उभं राहतं.

पायरी ५: छटांची रांग

अर्थ कळला तरी जवळजवळच्या शब्दांतला फरक राहतोच. त्यासाठी रांग. सहा मुलांच्या हातात कार्डं द्या: थंडगार, गार, कोमट, ऊन, कढत, उकळतं. कार्डवाल्यांनी बोलायचं नाही. बाकीच्या वर्गाने त्यांना पाण्याच्या उष्णतेप्रमाणे ओळीत उभं करायचं आणि प्रत्येक हलवाहलवीला कारण द्यायचं. 'आंघोळीला ऊन पाणी काढतात, म्हणजे हात घालता येतो. कढत दुधाने जीभ भाजते.' चालण्याचीही अशीच रांग होते: रेंगाळणे, रमतगमत जाणे, चालणे, झपाझप चालणे, पळणे, धूम ठोकणे. एकच बरोबर उत्तर नसतं. दोन गटांच्या रांगा वेगळ्या आल्या तर दोन्ही फळ्यावर राहू द्या. वाद जितका लांबेल तितक्या वेळा ते शब्द तोंडात येतात.

याचाच दुसरा प्रकार जोडी शोधण्याचा. अर्ध्या वर्गाकडे क्रियापदं: चिरणे, कातरणे, तासणे, खुडणे, तोडणे, फोडणे, सोलणे. उरलेल्यांकडे वस्तू: कांदा, कापड, पेन्सिल, मेथी, ऊस, सरपण, शेंगा. प्रत्येकाने फिरून आपला जोडीदार शोधायचा आणि दोघांनी मिळून एक वाक्य सांगायचं. मोठ्या पटाच्या वर्गात दोन संच करा. ज्वारीचं कार्ड मुद्दाम जास्तीचं घाला. कुणी 'काढायची' म्हणेल, कुणी 'सोंगायची', कुणी 'कणसं खुडायची'. भागाभागांत वेगळं बोलतात हे मुलांना त्या क्षणी कळतं आणि त्यातून गप्पा रंगतात.

पायरी ६: वीस मिनिटं हाताशी असतील तर

वर्ज्य शब्दांचा खेळ घ्या. जोडीतल्या एकाने कार्डावरचा शब्द दुसऱ्याकडून वदवून घ्यायचा, पण खाली लिहिलेले तीन शब्द उच्चारायचे नाहीत. 'टंचाई'खाली पाणी, कमी, नाही. मुलं मग टँकर, रांग, घागरी असं बोलू लागतात.

किंवा चार-पाच वाक्यांचा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचा. मुलांनी फक्त मुख्य शब्द टिपायचे आणि मग गटाने टिपणं एकत्र करून उतारा पुन्हा रचायचा. इंग्रजी शिकवणारे याला डिक्टोग्लॉस म्हणतात. एकाच्या वहीत 'उपसा' असतो, दुसरीच्या 'पाणी खोल', तिसऱ्याच्या 'बेसुमार'. 'उपसामुळे' की 'उपशामुळे' यावर गटातच चर्चा होते. मूळ मजकूर शब्दशः यायला हवा असा आग्रह धरू नका, आशय आणि वाक्यरचना जुळली की झालं.

पायरी ७: घरचे शब्द वर्गात आणा

मेळघाटात घरी कोरकू बोलणारी मुलं आहेत, नंदुरबारमध्ये भिली आणि पावरी, पालघरमध्ये वारली, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, तांड्यांवर गोरमाटी. खानदेशात अहिराणी, सिंधुदुर्गात मालवणी. या मुलांसाठी पुस्तकातली मराठी जवळजवळ दुसरी भाषा असते. त्यांच्या तोंडचा शब्द 'अशुद्ध' म्हणून पुसला की मूल पुढे बोलतच नाही, आणि न बोलणाऱ्या मुलाला कुठलीही शब्द-कृती उपयोगाची नाही. या बाबतीत मला तडजोड मान्य नाही.

वर्गाची एक शब्दवही करा. पानावर तीन रकाने: पुस्तकातला शब्द, आमच्या घरचा शब्द, दोन्ही वापरून वाक्यं. आठवड्यातून एकदा घरकाम द्या, पण विचारपूस करण्याचं. आजीला, आजोबांना विचारून पाणी भरायच्या आणि साठवायच्या भांड्यांची नावं आणा. घागर, कळशी, हंडा, बिंदगी, रांजण, माठ असं काय काय येतं. गटात बसून त्यांची वर्गवारी करायची: आकाराने, धातू-मातीप्रमाणे, किंवा कशासाठी वापरतात त्यावरून. निकष गटाने ठरवायचा आणि दुसऱ्या गटाने तो ओळखायचा.

ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर जाऊन परतलेली मुलं वर्गात मागे पडलेली असतात. फड, मोळी, पाचट, वाढं, कोयता या शब्दांचा तज्ज्ञ गट त्यांचा करा. त्यांनी शिकवावं, बाकीच्यांनी शिकावं. महिनोन्महिने शाळेपासून दूर राहून जे त्यांनी पाहिलं त्याला वर्गात जागा मिळते, आणि परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मिळते.

पायरी ८: शब्दांची पुन्हा गाठ घालून द्या

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून दाखवलं की नवं शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, मग तो वेग मंदावतो. म्हणून उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, मग तीन-चार दिवसांनी, पंधरवड्याने, महिन्याने. यासाठी वेगळी तासिका लागत नाही. जुन्या बरणीत शब्दांची कार्डं साठवत जा. परिपाठाच्या वेळी एका गटाने तीन कार्डं काढायची आणि तिन्ही शब्द येतील असा दोघांचा संवाद उभ्या उभ्या करायचा.

पायरी ९: कोणाला किती आलं ते बघा

गटाला मिळून गुण देऊ नका. चढाओढ लावून गटागटांत नंबरही काढू नका. कमी बोलणाऱ्या मुलावर गटातलीच मुलं चिडू लागतात आणि इतक्या दिवसांची मेहनत वाया जाते. एका तासाला एकाच गटाजवळ थांबून टिपा: कोणी न सांगता नवा शब्द वापरला, कोणी दुसऱ्याला समजावलं. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदींना हे थेट उपयोगी पडतं. आणि तासाच्या शेवटची तीन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने एका चिठ्ठीवर एक वाक्य लिहून द्यायचं, आज गटातल्या दुसऱ्याकडून शिकलेला शब्द वापरून. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचल्या की उद्या कोणता शब्द पुन्हा घ्यायचा ते समजतं.

द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र असेल तर चौथीतल्या मुलाने शब्द समजावायचा आणि तिसरीतल्याने त्याचं चित्र काढायचं. दोन्ही इयत्तांचं काम एकाच जोडीत होतं.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात रोज पाच मिनिटं जोडीतला अंदाज, एवढंच. दुसऱ्या आठवड्यात छटांची रांग आणि बरणी. वर्ज्य शब्दांचा खेळ तिसऱ्यात. जोड्यांना बोलायची सवय लागली की पुढच्या महिन्यात चौघांचे गट करा आणि सलग दोन तासिका मिळतील असा दिवस बघून तज्ज्ञ गट घ्या. त्या खेपेला शब्द आठ नको, चारच ठेवा: एका मुलाला एक.